दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, कामावर कधी जायचं?

वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन संपलं तरी बायका लगेच उठत नाहीत. पोरं बाहेर खेळत असतात, पुरुष मंडळी पारावर गेलेली असतात. मग एखादी वहिनी हळूच आमच्या शेजारी सरकते आणि पिशवीतून दवाखान्याची फाईल काढते. आम्ही नोकरी सोडून चळवळीत आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण वस्तीच्या लेखी आम्ही अजून ‘सिस्टर’च आहोत. आणि अलीकडे या फायलींमध्ये एक कागद वारंवार दिसतो: अंडाशयातली गाठ, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया.

यंदाच्या पावसाळ्यात नगर शहरातल्या एका वस्तीतली ताई अशीच फाईल घेऊन आली. चार घरची धुणीभांडी करते. डाव्या अंडाशयात मोसंबीएवढी गाठ होती, ती मंगळवारी काढली, गुरुवारी घरी सोडलं. पोटावर तीन बारीक चिरा, एकेक बोटाच्या नखाएवढी. सासू म्हणाली, “एवढंसं तर कापलंय.” नवराही तेच म्हणाला. रविवारी एका मालकिणीचा फोन आला की उद्यापासून येणार नसशील तर दुसरी बाई बघते. सोमवारी ताई कामावर गेली. मंगळवारी नळाला पाणी आलं, तिनं दोन हंडे भरले. रात्री बेंबीजवळचा टाका ओला झाला आणि अंगात ताप भरला. पुढं दहा दिवस अँटिबायोटिक, रोज ड्रेसिंग, रिक्षाचं भाडं वेगळं. चारपैकी दोन घरं सुटली ती सुटलीच. जे वाचवायला ती लवकर उठली, तेच गेलं.

तिची चूक काढायला आम्ही हे लिहीत नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, “आराम करा.” किती दिवस, कशापासून, हे कुणी सांगितलं नाही. तिचं काम काय हेही कुणी विचारलं नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईचा आराम आणि हंडा उचलणाऱ्या बाईचा आराम एक नसतो. वॉर्डात असताना आम्हीही कित्येकींना हेच दोन शब्द सांगून कार्ड हातात दिलं आहे.

तर आत नेमकं काय होतं ते आधी समजून घेऊ. बाहेरून चिरा अर्धा ते एक सेंटिमीटरच्या दिसतात. पण त्या वाटेनं आत गेल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, दुर्बीण आणि बारीक हत्यारं आत घालतात, अंडाशयाच्या भिंतीपासून गाठ सोलून काढतात किंवा कधी सगळं अंडाशयच काढावं लागतं. रक्त थांबवण्यासाठी आत जाळतात, टाके घालतात. म्हणजे आतली जखम पोट उघडून केलेल्या ऑपरेशनसारखीच असते, फक्त दार लहान असतं. कातडी आठ-दहा दिवसांत मिटते. कातडीखालचा पोटाचा जाड पडदा भरून यायला कित्येक आठवडे लागतात. तो कच्चा असताना जोर पडला तर त्या चिरेतून पुढं हर्निया होऊ शकतो.

खांद्याच्या दुखण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यानं फार घाबरगुंडी होते. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस उजवा खांदा किंवा दोन्ही खांदे चमकतात. एका मावशींना वाटलं हृदयाचं दुखणं आलं, एकीला वाटलं सलाइन चुकीची लागली. पोटात राहिलेला वायू छातीखालच्या पडद्याला लागतो, आणि त्या पडद्याची नस खांद्याशी जोडलेली असते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. चालत राहिलं, कुशीवर झोपलं की ते आपोआप जातं. थोडंसं अंगावरून रक्त जाणं, घशाला खवखव, पोट फुगल्यासारखं वाटणं हेही पहिल्या काही दिवसांत साधंच.

आता कामाचं. गाठ दुर्बिणीतून काढली आणि काही गुंतागुंत झाली नाही, तर बसून करायच्या हलक्या कामाला साधारण दोन ते तीन आठवड्यांनी जाता येतं. शिवणकाम, दुकानात बसणं, अंगणवाडीतलं काम यात आलं. विड्या वळणाऱ्या बायकांनाही दोन-तीन आठवडे सांगतो, पण सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास वाकून बसू नये, तासाला उठून घरातच चार पावलं चालावं. धुणीभांडी, झाडलोट, फरशी यांना तीन ते चार आठवडे, आणि त्यातही पहिला आठवडा भरलेली बादली दुसऱ्यानं उचलायची. कांद्याची काढणी, खुरपणी, गवंड्याच्या हाताखालचं बिगारी काम, गोण्या उचलणं, यांना चार ते सहा आठवडे. हे साधारण अंदाज आहेत. आत काय काय केलं यावर ते मागंपुढं होतात, म्हणून शेवटचा शब्द ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांचा. मात्र त्यांना विचारताना “कामावर कधी जाऊ?” एवढंच विचारू नका. “मी रोज वीस हंडे पाणी भरते, मी आता कधी भरू?” असं विचारा. उत्तर बदलतं, हे आम्ही पाहिलं आहे.

आणि दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून करावं लागलं असेल, तर हा हिशेब सोडून द्या. मग सहा ते आठ आठवडे, अंगमेहनतीला त्याहून जास्त.

वजनाचा अंदाज घरातल्या भांड्यांवरून घ्यावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच लिटरची कळशी पाच किलोची झाली, आणि भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. पहिले तीन आठवडे कळशीसुद्धा नको. दोन वर्षांचं लेकरू दहा-बारा किलोचं असतं, तेही कडेवर नको. त्याला मांडीवर घ्यावं, बसल्या जागी. आराम म्हणजे अंथरुणाला खिळणं मात्र नव्हे. ऑपरेशनच्या दिवशीच उठून बसावं, दुसऱ्या दिवशी वॉर्डात फिरावं, घरी आल्यावर रोज थोडं थोडं जास्त चालावं. पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. खोकताना, शिंकताना पोटावर उशी धरावी.

जेवणाबद्दल वस्तीत इतकं काही सांगितलं जातं की बाई नुसत्या भाकरीच्या पापुद्र्यावर आठ दिवस काढते. भातानं टाके पिकतात, वांग्यानं चिघळतात, दह्यानं सूज येते. यातलं काही खरं नाही. टाके पिकतात ते जंतूंमुळं, आणि ते थांबवायला अंगात ताकद लागते. डाळ, अंडी, मटण-मासे परवडतील तसे, मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, भात, सगळं खावं. आपल्या बायकांचं रक्त आधीच कमी असतं, हिमोग्लोबिनचा आकडा फायलीत बघा. एक गोष्ट मात्र आम्हाला फार दिसते. सार्वजनिक संडास लांब, रात्री दिवा नाही, म्हणून बायका पाणीच कमी पितात. मग शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि तो सगळा जोर कच्च्या पोटावर येतो. लघवीला जळजळ होते ती निराळीच. त्या दोन आठवड्यांपुरतं तरी घरातल्या माणसानं रात्री सोबत जावं. शरीरसंबंध दोन-तीन आठवडे नकोत, हेही घरातल्या माणसाला स्पष्ट सांगावं. बाईला सांगायला जड जात असेल तर आम्ही सांगतो.

ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, टाक्यातून पू, घाण वासाचा स्राव, उलट्या होऊन पोट ताठ होणं, लघवी न होणं, एका पायाच्या पोटरीत सूज, दम लागणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पण पोट कच्चं आहे हे बाईला कळून भागत नाही, चूल कशी पेटणार हा प्रश्न उरतोच. नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडं काम करणाऱ्या बहिणींनी आधी पगाराची चिठ्ठी बघावी. ईएसआयची कपात होत असेल, तर तो तुमचा हक्क आहे. मागच्या सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात ७८ दिवस भरलेले असतील, तर आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. तो पहिल्या दिवसापासून घ्यावा, बरं झाल्यावर नव्हे. घरकामगारांसाठी राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तीन आठवडे घरी बसलेल्या बाईचा पगार चालू ठेवा असं बंधन मालकिणीवर नाही. म्हणून आम्ही आता ऑपरेशनची तारीख ठरली की आधीच बदली बाई ठरवायला सांगतो. जाऊ, नणंद, शेजारीण, जी परत घर सोडेल अशी. आणि डिस्चार्ज कार्डावर “अमुक तारखेपर्यंत वजन उचलू नये” असं डॉक्टरांकडून लिहून घ्यायला सांगतो. तोंडी सांगितलेलं मालकीण ऐकत नाही, सहीशिक्क्याचा कागद दाखवला की दहातल्या चार तरी ऐकतात.

ऑपरेशनच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. भरती होण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं की हे ऑपरेशन योजनेत बसतं का आणि याच रुग्णालयात होतं का. चौकशीचा फोन १५५३८८. भरती झाल्यावर विचारलं तर पैसे भरून मोकळे होतात लोक.

बाईला अंग भरून येईपर्यंत पगारी सुट्टी हवी, हे १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडलं होतं. तो खर्च मुख्यतः सरकारनं उचलावा, कारण आईची विश्रांती देशाच्या हिताची आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. ज्या ईएसआयचं वर लिहिलं, त्याची आखणीही ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना सुरू झाली आणि १९४८ साली कायदा आला. धुणीभांडीवाली आणि कोयतेवाली अजून त्याच्या बाहेर आहे.

कोयत्याचं तर विचारू नका. पाथर्डी-शेवगावकडून उसाला जाणाऱ्या बायकांना एक खाडा पडला की दंड, उचल अंगावर, डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी. तिथं सहा आठवडे कोण देणार? म्हणून मग “कटकटच नको” म्हणत पिशवीच काढून टाकतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली हे उघड झालं, नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या काळात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं गेली तर पाळी त्या दिवसापासून कायमची बंद, अंगातून वाफा, पुढं हाडं ठिसूळ. पिशवी आणि एक अंडाशय राहिलं तर पाळीही येते, मूलही होऊ शकतं. त्यामुळं सही करण्याआधी विचारा: एक काढणार की दोन्ही, आणि का? पाळी चालू असलेल्या बाईची पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, नुसत्या पाण्याची गाठ बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. तिला परत सोनोग्राफी पुरते. मात्र एकाएकी एका बाजूला कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो, तिथं तास महत्त्वाचे असतात.

त्या ताईच्या फायलीत आम्हाला एक कागद सापडला नाही. काढलेली गाठ तपासणीला पाठवतात, तिचा रिपोर्ट आठ-पंधरा दिवसांनी येतो. तो तिनं आणलाच नव्हता, कारण टाके निघाले म्हणजे झालं असं तिला वाटलं. गाठ साधी होती की नाही हे त्या एका कागदावरच लिहिलेलं असतं. आमच्यातली एकजण तिच्यासोबत गेली, तीन खिडक्या फिरून तो आणला. साधी गाठ निघाली. ताई आता पाच घरं करते आणि मोठी बादली दोन खेपांत नेते.

येत्या रविवारीही वाचनानंतर आम्ही विहारात बसणार आहोत. येताना जुने सोनोग्राफीचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि तो गाठीचा रिपोर्ट, मूळ कागद घेऊन या. मोबाईलमधले फोटो पुसट येतात, वाचता येत नाहीत.