घडीतली साडी आणि छोटी गोधडी



पेसाहच्या साफसफाईला मुलगी आली आणि तिने माझं कपाट उघडलं. "आई, हे सगळं कशाला ठेवलंस?" असं म्हणून जुन्या कपड्यांची एक पिशवी बाहेर टाकायला काढली. पिशवीत माझ्या आईची लग्नातली रेशमी साडी होती, ह्यांचे दोन शर्ट होते, नातवाचं झबलं होतं. मी पिशवी ओढून घेतली आणि साडी उघडली, तर ती घडीघडीवर चिरली होती! चाळीस वर्षं मी ती नेसले नाही की कापलीही नाही, जपून ठेवली. पण रेशीम एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलं, की त्या घडीवरच विरतं.

तेव्हा ठरवलं, उरलंय त्याची गोधडी करायची. कोकणात आमच्या आया-आज्या जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरून चारी बाजूंनी बसायच्या. आता माझे गुडघे वाकत नाहीत आणि चार बायका एका वेळी जमतही नाहीत. म्हणून मी फूटभर लांबी-रुंदीची, मांडीवर मावणारी गोधडी करते. ती पांघरायची नाही, भिंतीवर लावायची. बंगालचा कांथा काय, आपली गोधडी काय, टाका एकच, साधा धावदोरा. कांथ्यासाठी तर पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच दोरे ओढून काढायचे.

आता कशी करायची ते सांगते.

सुती कपडे आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. विरलेलं रेशीम मशीनमध्ये घालू नका. त्याच्या पाठीला पातळ मलमल कच्च्या टाक्याने लावा आणि मगच कापा.

खाली जुन्या चादरीचा तुकडा, मध्ये फ्लॅनेल, वर एक साधं सुती कापड असे थर ठेवा. मध्ये टॉवेल घालू नका, सुई आरपार जात नाही आणि बोटं दुखतात. वरच्या कापडावर तुकडे मांडून पाहा. मी एक दिवस ते तसेच टेबलावर ठेवते, सकाळी पुन्हा बघते. पटलं की कडा पाव इंच आत दुमडून तुकडे टाचून घ्या.

मग मधून कडेकडे कच्चा टाका घाला, म्हणजे चुण्या पडत नाहीत. त्यावर अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी. टाका वाकडा गेला तर जाऊ द्या. कडेला साडीचा काठ गोटासारखा लावा. पाठीमागे वरच्या बाजूला कापडाची नळी शिवून तीत काठी घाला. ऊन येतं त्या भिंतीवर मात्र लावू नका, रंग उडतो.

डोळ्यांसाठी एक युक्ती: मोठ्या नेढ्याची सुई घ्या. नात आली की मी तिच्याकडून दहा सुया ओवून घेते, आठवडाभर पुरतात.

शआतनेझचंही लक्षात असू द्या. लोकर आणि लिनन एकत्र अंगावर घ्यायची तोरात मनाई आहे. आपली गोधडी भिंतीवरची, पण उद्या कोणी ती अंगावर घेईलही. म्हणून मी लोकर वापरतच नाही.

खरं सांगायचं तर, साडीला कात्री लावताना माझा हात थरथरला. दोन दिवस नुसती समोर घेऊन बसले होते. आता तिचा पदर, ह्यांच्या शर्टाचा खिसा आणि झबल्याची बाही एकाच चौकोनात आहेत. नात खिशात बोट घालून विचारते, "हे कोणाचं?"

मी आहे तोवर मी सांगेन. पुढे कोण सांगणार? म्हणून एक शेवटचं काम विसरू नका. पाठीमागे पांढऱ्या कापडाची पट्टी शिवा आणि धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने लिहा: कोणता तुकडा कोणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या साली वापरलेला. मराठीत लिहा आणि खाली हिब्रूतही लिहा, कारण वाचणार आहेत ती आपली नातवंडं.