कागदावर चार, मंचावर नऊ

3, 4, 9, 4, 3, 4. न्यूयॉर्कच्या टॉकिंग हेड्स या न्यू वेव्ह बँडची सदस्यसंख्या 1975 ते 2002 या काळात अशी हलत गेली. यातला 9 मात्र कुठल्याच अधिकृत यादीत सापडत नाही.

1975 मध्ये सीबीजीबी क्लबमध्ये रमोन्स या बँडच्या आधी वाजवायला तिघे उभे राहिले: गायक-गिटारवादक डेव्हिड बर्न, बासवर टीना वेमाउथ आणि ड्रम्सवर ख्रिस फ्रान्ट्झ. 1977 मध्ये जेरी हॅरिसन आला आणि चौकडी जमली. 1988 पर्यंत आठ स्टुडिओ अल्बम निघाले. तेवढ्या काळात ना कोणी बँड सोडला, ना कोणाला सदस्य करून घेतलं.

तरी 1980 मध्ये गणित बिघडलं. ‘रिमेन इन लाइट’ या अल्बमसाठी स्टुडिओत तालावर तालाचे थर चढवले होते, आणि ते मंचावर वाजवायला चौघांचे हात पुरणार नव्हते. ऑगस्टमध्ये कॅनडातल्या हीटवेव्ह महोत्सवात बँड नऊ जणांनिशी उतरला. 1982 चा दोन तबकड्यांचा लाइव्ह अल्बम ऐकला की फरक कळतो. पहिल्या तबकडीवर 1977 ते 79 ची चौकडी आहे, दुसरीवर 1980-81 चा ताफा. पहिलीत गाणी अंग चोरून वाजतात, दुसरीत ऐसपैस.

दिग्दर्शक जोनाथन डेमीच्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या मैफलीच्या चित्रपटात तर ही बेरीज डोळ्यांसमोर होते. डिसेंबर 1983 मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात चित्रित झालेल्या या मैफलीत पहिल्या गाण्याला बर्न एकटा असतो. दुसऱ्याला वेमाउथ येते, तिसऱ्याला फ्रान्ट्झ, चौथ्याला हॅरिसन. पाचव्या गाण्यात लिन मॅब्री, एडना होल्ट आणि स्टीव्ह स्केल्स येऊन सात होतात. सहाव्यात अ‍ॅलेक्स वेअर आणि बर्नी वॉरेल आले की नऊ. गंमत म्हणजे दुसऱ्याच गाण्यात मॅब्रीचा आवाज पडद्यामागून येतो, ती दिसत मात्र नाही. चौकडीला येऊन मिळालेले हे पाचही जण कृष्णवर्णीय. वॉरेल आणि मॅब्री तर पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक समूहाच्या मुशीतले. मैफल खरी पेटते ती पाचव्या गाण्यापासून. त्यांना नुसते ‘साथीदार’ म्हणणं मला पटत नाही.

1984 नंतर दौरे थांबले. आठपैकी शेवटचे तीन अल्बम एकही दौरा न करता आले. 1991 मध्ये बँड फुटल्याचं जाहीर झालं. 1996 मध्ये बर्नला वगळून उरलेल्या तिघांनी ‘द हेड्स’ नावाने पाहुणे गायक घेऊन एक अल्बम काढला. तो फार काळ कोणाच्या लक्षात राहिला नाही.

2002 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने टॉकिंग हेड्सला मान दिला तो चार नावांना. याच संस्थेने 1997 मध्ये पार्लमेंट-फंकाडेलिकच्या 16 जणांना सामावून घेतलं होतं, आणि त्यात वॉरेल होता.