सुगरणीचा खोपा आणि मुलाची टकळी

पावसाळा सुरू झाला म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यात विहिरीवर ओणवलेल्या बाभळींस सुगरणींचे खोपे लोंबू लागतात. ही विद्या त्या पक्ष्यास कोणी शिकविली? कोणीही नाही. न शिकविता प्राण्याकडून जी क्रिया घडते, तीस सहजप्रवृत्ति म्हणतात. विणकाम करतो तो नर. भाषेने मात्र नाव स्त्रीचे दिले, ही एक गंमतच! सलीम अली यांनी किहीम येथे हे खोपे बारकाईने पाहून १९३१ साली लिहिले, की नर खोपा अर्धा विणतो, मादी तो पारखून पसंत करते, व मगच तो पुरा होतो.

परंतु उपजत म्हणजे परिपूर्ण नव्हे. आफ्रिकेतील विणकर पक्ष्याच्या पिलांस लहानपणी विणण्याजोगे काहीच मिळू दिले नाही, तेव्हा मोठेपणी त्यांस नीट विणता येईना. कोलियास दांपत्याने हा प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध केला. प्रवृत्ति ईश्वरदत्त खरी, सफाई सरावाची.

मानवी बालकास तर उपजत फारच थोडे येते: चोखणे, मूठ आवळणे, रडणे. बाकी सर्व शिकावयाचे, म्हणूनच त्याचे बालपण इतके दीर्घ. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेतून हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाची योजना पुढे आली व टकळी मुलांच्या हाती पडली. नवशिक्याचे सूत तुटते, जोडले जाते, पुन्हा तुटते. मग केव्हातरी बोटांस ताण उमगतो. तोवर ‘याच्या रक्तातच नाही’ असे म्हणणाऱ्या पालकांनी एखाद्या तरुण नराचा पहिला खोपा अवश्य पाहावा. तोही ओबडधोबडच असतो.