नैराश्य आणि जगण्याचा अर्थ

नैराश्य म्हणजे काय? किमान दोन आठवडे, जवळपास रोज टिकणारी उदासी किंवा कशातच रस न वाटणे. झोप, भूक, एकाग्रताही बिघडते.

दुःखाहून वेगळे : दुःखात अधूनमधून मन रमते, नैराश्यात आवडीचे कामही नकोसे होते.

लक्षण, निष्कर्ष नव्हे : ‘जगण्यात अर्थ नाही’ ही भावना आजाराचा भाग असू शकते. म्हणून अर्थ सापडण्याची वाट न पाहता उपचार सुरू करतात. औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात.

व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) : छळछावणीतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ. त्यांच्या मते जगण्याच्या अर्थाच्या तीन वाटा : काम, प्रेम, अटळ दुःखाला सामोरे जाण्याची वृत्ती.

मदत : टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६. मोफत, २४ तास, मराठीतही.