तेराव्यानंतर

मृत्यु घडलेल्या घरीं पहिले तेरा दिवस कसे जातात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. चूल पेटत नाहीं म्हणून शेजारी भाकरी आणतात; आप्तेष्ट भेटावयास येतात; गेलेल्याच्या आठवणी पुनःपुन्हा निघतात. परंतु चौदाव्या दिवशीं अंगण रिकामें होतें, आणि खरा शोक तेथूनच आरंभतो.

आमच्या बीड जिल्ह्यांत हा प्रश्न विशेष बिकट आहे. अवर्षण व कर्ज यांनीं गांजलेल्या एखाद्या शेतकऱ्यानें आपलें जीवन संपविलें, म्हणजे त्याच्या पत्नीच्या दुःखांत अपराधाची भावना मिसळते. ‘माझ्या कसें लक्षांत आलें नाहीं?’ हा प्रश्न तिला झोपूं देत नाहीं. आणि गांव तर तो विषय काढावयासहि धजत नाहीं.

शोक हा रोग नव्हे. रडणें, अन्न गोड न लागणें, हें स्वाभाविकच आहे. बहुतेकांचें दुःख कालांतरानें सुसह्य होतें. मात्र सहा महिने उलटूनहि त्याची तीव्रता ओसरली नाहीं व नित्याचे व्यवहार खुंटले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणांत त्यास विकार मानिलें आहे. त्यावर उपचार आहेत. जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत आला, तर मात्र एक दिवसहि थांबूं नये.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक मध्येंच न तोडतां ऐकतो. आपल्या हातीं काय होतें आणि काय नव्हतें, हें तो हळूहळू निवडून दाखवितो. मग आठवड्याचा बाजार, शेतावरची फेरी, असें बंद पडलेलें एकेक काम पुनः हातीं घ्यावयास लावतो.

हें साहाय्य फार दूर नाहीं. २०१५ सालीं राज्य शासनानें शेतकरी कुटुंबांसाठीं ‘प्रेरणा प्रकल्प’ आरंभिला, त्यांत आशा कार्यकर्तींवर घरोघर जाऊन विचारपूस करण्याचें काम सोंपविलें. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची दूरध्वनि-सेवा चालू आहे, १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठींतून बोलतां येतें.

आणि आपण शेजाऱ्यांनीं काय करावें? ‘झालें गेलें विसरा,’ असें म्हणूं नये. चौदाव्या दिवशीं त्या घरीं जावें, गेलेल्याचें नांव घ्यावें, आणि ऐकत बसावें.