धिप्पाड खेळाडूची पारख

शरीरानें मोठा मनुष्य दृष्टीस पडला कीं त्याच्या अंगचें सामर्थ्यही तितकेंच मोठें असलें पाहिजे, अशी आपली समजूत आपोआप होत असते. ही समजूत कितपत खरी, हा प्रश्न अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉल संघांच्या चालकांपुढें दर वर्षीं उभा राहतो, व तो त्यांस केवळ कुतूहलापुरता सोडवावयाचा नसतो. पारख चुकली तर संघाची एक मोलाची निवड वायां जाते. आणि बावीस वर्षांच्या आंतबाहेरच्या ज्या तरुणाची ती पारख असते, त्याच्या तर उपजीविकेचाच प्रश्न असतो. म्हणून आम्ही या लेखांत त्या खेळांतील एका विशिष्ट जागेचें उदाहरण घेऊन, असाधारण उंचीच्या व वजनाच्या खेळाडूची परीक्षा कशी करावी, याचा थोडा विचार करणार आहों.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानावर चालतो तो फुटबॉल नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. त्याचा चेंडू लांबट असून दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो पायानें क्वचित् मारतात. बहुधा तो हातांत धरून पळतात किंवा दूर फेंकतात. मैदान शंभर यार्ड लांब असून प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. चढाई करणाऱ्या संघानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू फेंकणाऱ्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्या पुढें पांच बलाढ्य गडी भिंतीसारखे उभे राहून शत्रुपक्षास थोपवितात. या भिंतीच्या टोंकाशीं लागून जो गडी उभा राहतो तोच टाईट एंड होय.

या गड्याची खरी अडचण अशी कीं, त्याला दोन अगदीं भिन्न कामें करावीं लागतात. भिंतींतील पांच गड्यांस फेंकलेला चेंडू झेलण्याची सामान्यतः परवानगी नसते. टाईट एंडला ती असते. एका डावांत त्याला समोरच्या दांडग्या गड्यास रेटून वाट मोकळी करावी लागते, तर दुसऱ्या डावांत वेगानें पळत जाऊन, एकाएकीं वळून चेंडू झेलावा लागतो. पहिल्या कामास वजन उपयोगीं पडतें, दुसऱ्यास चपळता. म्हणून या जागेवरचा गडी बहुधा सहा फूट चार-पांच इंच उंच व अडीचशें पौंडांच्या आसपास वजनाचा असतो. याहून पुष्कळच मोठा तरुण पुढें आला म्हणजे जाणत्यांस मोहही पडतो व शंकाही येते.

अशा तरुणाचें अलीकडील उत्तम उदाहरण म्हणजे डार्नेल वॉशिंग्टन हा होय. जॉर्जिया विद्यापीठाच्या ज्या संघानें २०२१ व २०२२ या लागोपाठच्या दोन हंगामांत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, त्या संघांत तो टाईट एंड होता. त्याची उंची जवळजवळ सहा फूट सात इंच व वजन २६४ पौंड भरलें. व्यावसायिक संघांत जाऊं इच्छिणाऱ्या निवडक तरुणांची दर वर्षीं इंडियानापोलिस शहरीं जी शारीरिक परीक्षा होते, तींत २०२३ सालीं तो चाळीस यार्ड ४.६४ सेकंदांत धांवला. चाळीस यार्ड म्हणजे १२० फूट. तेव्हां सेकंदास सरासरी सुमारें २६ फूट वेग झाला. एवढा देह या वेगानें येऊं लागला म्हणजे काय होतें, हें पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. म्हणून त्याच वेगानें धांवणाऱ्या १७६ पौंडांच्या मनुष्यापेक्षां याचा संवेग दीडपट, व तितक्याच वेळांत त्याला थांबविण्यास बळही दीडपट लागणार.

परंतु हाच नियम उलटही लागू पडतो, आणि आमच्या मतें खरी मेख येथेंच आहे. जो देह दुसऱ्यास थांबविण्यास जड, तो स्वतःच्या पायांसही थांबविण्यास व वळविण्यास जडच असतो. चेंडू झेलावयास जाणारा गडी सरळ रेषेंत पळत राहिला तर त्याच्या पाठीवर रक्षक चिकटलेलाच असतो. त्याला चुकविण्यासाठीं वेग एकाएकीं मोडून दिशा बदलावी लागते. उंच मनुष्यास वळण्यापूर्वीं कमर खालीं आणावी लागते, व ती जितकी उंचावर तितका वेळ अधिक जातो. म्हणून सरळ धांवेच्या आंकड्यापेक्षां वळण्याच्या परीक्षेचा आंकडा अधिक बोलका समजावा. या परीक्षेंत खेळाडू पांच यार्ड एका बाजूस, मग दहा यार्ड उलट दिशेस व पुन्हां पांच यार्ड मूळ जागीं असा धांवतो. वॉशिंग्टननें ही परीक्षा ४.०८ सेकंदांत पुरी केली. त्याच्या आकाराच्या मनुष्यास हें विलक्षणच म्हटलें पाहिजे.

दुसरी कसोटी खालीं वांकण्याची. कुस्तीच्या आखाड्यांत जो प्रतिस्पर्ध्याच्या खालीं शिरतो तो त्याचा तोल उचलतो, हें कोणताही वस्ताद सांगेल. या खेळांतही तेंच. उंच गडी ताठ उभा राहून टक्कर घेऊं लागला तर त्याच्याहून अर्धा फूट बुटका रक्षक त्याच्या छातीखालीं खांदा घालतो आणि मग अडीचशें पौंड वजन असूनही तें जमिनीवरून सुटतें. यास्तव परीक्षकानें उंचीची पट्टी ठेवून द्यावी व गुडघे आणि कमर किती वांकतात तें पाहावें. तिसरी कसोटी हातांची: मोठा पंजा असणें निराळें व चेंडू अचूक झेलणें निराळें. चौथी देहाच्या टिकाऊपणाची, कारण जड शरीराचा सगळा भार गुडघे, घोटे व पाठ यांवर येतो.

आतां अनुभव काय सांगतो तें पाहूं. रॉब ग्रोंकौस्की हा सहा फूट सहा इंच उंच. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळें २००९ चा विद्यापीठाचा संपूर्ण हंगाम त्याला मुकावा लागला. त्यामुळें त्याच्याविषयीं शंका होती, व २०१० सालीं त्याची निवड दुसऱ्या फेरींत ४२ वी झाली. परंतु दुसऱ्याच वर्षीं, २०११ सालीं, त्यानें झेल घेऊन १७ वेळां टचडाऊन केलें, व टाईट एंडचा तो उच्चांक ठरला. तो वांकूनही टक्कर घेई व वळूनही चेंडू झेली. दोन्ही कामें त्याला सारखींच साधलीं. पुढें दुखापतींनीं मात्र त्याची पाठ सोडली नाहीं, व २०१९ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आंतच, त्यानें प्रथम निवृत्ति पत्करली. नंतर तो परत येऊन आणखी दोन हंगाम खेळला.

जिमी ग्रॅहम हा सहा फूट सात इंच उंचीचा खेळाडू मूळचा बास्केटबॉलचा. विद्यापीठांत तो फुटबॉल एकच वर्ष खेळला होता. तरी २०११ सालीं त्यानें ९९ झेल घेतले. रेटारेटीचें काम त्याच्याकडे इतकें थोडें असे कीं, आपणांस टाईट एंड न म्हणतां दूर उभा राहणारा झेलकरी म्हणावें, असा दावाच २०१४ सालीं त्याच्या वतीनें मांडण्यांत आला. कारण त्या जागेचें वेतन अधिक होतें. पंचाचा निकाल मात्र त्याच्याविरुद्ध गेला. याच्या उलट लीव्हाइन टोइलोलो. हा सहा फूट आठ इंच उंच. झेलांसाठीं त्याचें नांव कधीं गाजलें नाहीं, परंतु मुख्यतः अडविण्याचें काम करून तो २०१३ पासून २०२० पर्यंत आठ हंगाम टिकला. जेसन पीटर्सची हकीकत याहूनही बोधप्रद आहे. आर्कान्सा विद्यापीठाच्या या अतिभारी टाईट एंडला २००४ च्या निवडींत कोणत्याच संघानें घेतलें नाहीं. नंतर एका संघानें त्याला ठेवून घेतलें व पुढें भिंतींतील टॅकलच्या जागेवर नेलें. तेथें तो इतका चमकला कीं, श्रेष्ठ खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीं त्याची नऊ वेळां निवड झाली. त्याचें शरीर तेंच होतें. बदलली ती जागा.

वॉशिंग्टनकडे परत येऊं. २०२३ च्या निवडींत सात टाईट एंड त्याच्याआधीं घेतले गेले, व तिसऱ्या फेरींत ९३ वा म्हणून पिट्सबर्गच्या संघानें त्याला घेतलें. पहिल्या वर्षीं त्याचे झेल अवघे ७, दुसऱ्या वर्षीं १९. जॉर्जियांत त्याच्याच शेजारीं खेळणारा ब्रॉक बौअर्स उंचीनें व वजनानें त्याहून बराच कमी. पण २०२४ सालीं व्यावसायिक लीगमधील पहिल्याच हंगामांत त्यानें ११२ झेल घेऊन नवागतांचा उच्चांक केला. एवढ्यावरून वॉशिंग्टन अपेशी ठरला असें म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या संघानें त्याच्याकडे मुख्यतः वाट मोकळी करण्याचें काम सोंपविलें होतें, व तें काम झेलांच्या कोष्टकांत उतरत नाहीं. दुसऱ्यानें पळत पुढें नेलेल्या चेंडूचे यार्ड त्या दुसऱ्याच्याच नांवावर पडतात. ज्यानें वाट करून दिली त्याच्या नांवापुढें कांहींच लिहिलें जात नाहीं.

यावरून पारखीची रीत अशी ठरते: खेळाडू मोठा आहे का, हा प्रश्न शेवटीं विचारावा. तो वांकतो का, वळतो का, झेलतो का व टिकतो का, हें आधीं पाहावें. चारही गोष्टी असतील तर त्याच्याकडे चेंडू फेंकावा. वांकतो पण वळत नाहीं, तर त्याला अडविण्यास ठेवावा, आणि त्याच्याकडून शंभर झेलांची अपेक्षा करूं नये. देह आणखीच भारी असून पाय चपळ असतील, तर पीटर्सप्रमाणें त्याची जागा बदलून पाहावी. यांपैकीं कांहींच नसेल, तर केवळ उंचीच्या भरंवशावर त्याला निवडणें हें संघाच्याही हिताचें नाहीं व त्या तरुणाच्याही नाहीं.

शाळेच्या मैदानावरही अशी निवड रोज होत असते. वर्गांतल्या थोराड मुलास आपण न विचारतां पुढें ढकलतों, व त्याला अपयश आलें कीं 'एवढा मोठा असून' असें म्हणून हिणवितों; किरकोळ मुलाकडे तर पाहतही नाहीं. दोघांवरही तो अन्यायच होय. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं संघ निवडतांना, व पालकांनीं आपल्या मुलांचा मार्ग ठरवितांना, दिसणाऱ्या मापाबरोबर न दिसणारें मापही घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.