विषाणू दबला, पण हृदयाचं काय?

एचआयव्ही म्हटलं की फक्त प्रतिकारशक्ती आठवते ना? मलाही तसंच वाटायचं. पण औषधांनी विषाणू दबला, तरी शरीरात बारीकसा दाह धुमसत राहतो. त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, आत चरबीचे थर बसतात. पाइपात क्षार साचावा तसे. काही जुन्या औषधांनी कोलेस्टेरॉलही वाढायचं.

मग औषध सोडायचं? मुळीच नाही! २००६ च्या ‘स्मार्ट’ अभ्यासात औषध मध्येच थांबवणाऱ्यांतच मृत्यू आणि हृदयविकार जास्त आढळले. उपाय वेगळाच निघाला. ‘रिप्रीव्ह’ अभ्यासात भारतासह १२ देशांतले ७,७६९ जण होते. एचआयव्हीच्या औषधांसोबत रोज पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोकसारखे प्रकार ३५ टक्क्यांनी कमी झाले, असं २०२३ मध्ये जाहीर झालं.

औषधांनी आयुष्य वाढलंय. आता हृदयही जपायला हवं. आणि सिगारेट सोडा, हे तर आपल्या होस्टेललाही लागू!